बांधावरचे घड आणि आतले घड

प्रकाश, सकाळी तू या गटावर लिहिलेस, की नानांनी घाबरून एकच ट्रक केळी कबूल केली. ते चूक आहे.

एदलाबादचे मुक्ताईनगर होण्यापूर्वी मी जळगावला संख्याशास्त्राच्या वर्गाला जात असे. तुझे वडील नाना, म्हणजे माझे थोरले भाऊ, बांधाकडचे घड तोलून व्यापाऱ्याला दोन ट्रकांचा शब्द देणार होते.

मी म्हणालो, “भाऊ, बांधावर ऊन जास्त, तिथले घड जड. प्रत्येक ओळीतला एक घड तोलू.”

“आतमधी साप हाये, प्रोफेसर! तूच जाय.”

मी गेलो. सरासरी बरीच उतरली. भाऊंनी एकाच ट्रकाचा शब्द दिला आणि एकच ट्रक भरला. भाऊंचा शब्द राहिला.

आज दुपारी तूही बांधाकडचेच घड तोलताना दिसलास.

म्हणून तू लिहिलेल्यात दुरुस्ती:
तोलणी पोळ्यानंतर झाली, आधी नव्हे.
ट्रक दसऱ्याला गेला, दिवाळीला नव्हे.
तुझा व्यापारी उद्या येणार आहे. आत जायला आजची संध्याकाळ आहे.