किरणांचा दवाखाना

भाकऱ्या थापून झाल्या की परातीच्या कडेला पीठ राहतंच. किस्से तसेच. मुद्दाम कुणी जपत नाही, पण चाळीस वर्षांनी परात खरवडली तर एका भाकरीपुरतं निघतं.

सोलापुरात गिरणीचा भोंगा झाला की आमचा दवाखाना उघडायचा. डॉक्टरांनी एक्स-रेचं यंत्र आणलं, किरणांचे दोन दिवे आणले आणि ते पुसायला मला ठेवलं. मी पुसता पुसता शिकले. इंग्रजीसुद्धा खोक्यांवरूनच, माझा पहिला शब्द ‘डेंजर’. दोन वर्षांत यंत्र मीच चालवत होते. तरी डॉक्टर म्हणायचे, “बाई, दिवाळीनंतर पुण्याहून सर्टिफिकेटवाला येतोय. मग तुम्ही पुन्हा झाडलोट बघा.”

“झाडू त्याच्या हाती द्या,” मी म्हणायची. मनात नाही, तोंडावर.

*

मैंदर्गीचा एक शेतकरी बैलगाडीवरून जबड्यावर पडला. फोटो काढायचाय म्हटल्यावर जरीचा पटका बांधून, मिशांना तेल लावून आला. सोबत बायको. मी कवटीची फिल्म उजेडापुढे धरली. बायको बराच वेळ बघत राहिली.

“हे आमचं मालकच हायती?”

“होय.”

“हसत्यात की.” मग पदर तोंडाला लावून म्हणाली, “लग्नाला वीस वर्सं झाली. म्या आजच बगितलं.”

*

हातमागवाल्यांच्या वस्तीतली एक तेलुगू अम्मा मुडदूस झालेल्या नातीला घेऊन आली. अशा पोरांना आम्ही काळा चष्मा घालून जांभळ्याच्या पलीकडच्या किरणांखाली निजवायचो. मी समजावलं, “अम्मा, हे किरण उन्हातही असतात. त्यानं हाडं घट्ट होतात.”

“म्हंजी सोलापुरात तुमी ऊन विकाय बसलाय?”

“ऊन गावभर आहे. पण तुमची नात जन्मल्यापासून मागाच्या खोलीत, आणि खिडकीला तुम्ही गोणपाट लावता!”

अम्मा उठून गेली. आठवडाभर आली नाही, म्हणून मी घरी गेले. नात अंगणात कोवळ्या उन्हात उताणी, अम्मा शेजारी राखणीला.

“माजा दिवा मोटा हाय,” ती वर बोट दाखवून म्हणाली, “आन् वायर न्हाय.”

*

टांगेवाले रसूलभाई कंबर धरून आले. त्यांना उष्ण किरणांच्या दिव्याचा शेक दिला. दिवा लालसर दिसतो तेवढाच. खरा शेक देणारे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. तीन दिवसांनी ते घोडा घेऊन हजर.

“बाई, इसकी भी कमर पकड़ी है.”

घोडा दारातून मावेना. डॉक्टर बाहेर गेले होते. मी खिडकीतून वायर सोडली, दिवा धरला. घोडा आठ दिवसांत धावायला लागला. रसूलभाई मात्र शेवटपर्यंत वाकून चालले, आणि म्हणायचे, “मेरा भी खिड़की से करना था.”

*

शेजारच्या वकिलांनी रेडिओ घेतला. आमचं यंत्र सुरू झालं की त्यांच्या गाण्यात खर्र खर्र. एकदा ते तणतणत आले.

“तुमचं यंत्र माझ्या रेडिओशी का भांडतं?”

मी म्हटलं, “वकीलसाहेब, रेडिओच्या लहरी, शेकाचे किरण, आपल्याला दिसतो तो उजेड, जांभळ्याच्या पलीकडचे आणि एक्स-रे, सगळी एकाच घराण्याची. फरक लाटेच्या लांबीचा. तुमची लहर सगळ्यांत लांब, आमची या सगळ्यांत ठेंगणी आणि थेट हाडापर्यंत घुसणारी. भाऊबंद म्हटल्यावर भांडणारच.”

“मग वाटणी करून द्या,” वकील म्हणाले. तेव्हापासून त्यांच्या गाण्याच्या वेळेला आमचं यंत्र बंद.

*

दिवाळी झाली, सर्टिफिकेटवाला आला. कोट, चकचकीत बूट, बगलेत कागदाची सुरळी. मी अंधारखोलीत फिल्म धूत होते. तिथे फक्त लाल दिवा. दुसरा उजेड लागला की फिल्म वाया. फिल्म पक्की झाली तसा बार्शीचा एक अडत्या आपली छाती बघायला हट्टाने आत आला, मागोमाग त्याची बायको. त्यानं तिच्याकडे वळून पाहिलं.

“अगं, कुंकू कुटं गेलं? मी मेलो व्हय?”

लाल उजेडात लाल कुंकू दिसत नाही, हे त्याला काय ठाऊक. बाहेर आणून बायकोचं कपाळ दाखवलं, तेव्हा तो जिवंत झाला.

सर्टिफिकेटवाला हसला. “डॉक्टर, अडाणी बाईच्या हाती खोली दिली की असंच व्हायचं.” मग माझ्याकडे वळून, “तुमचा कागद कुठाय?”

“माझा नाही. तुमचा बघू.”

त्यानं सुरळी सोडली. मजकूर काळा, छापील. नाव, शेरा आणि सही लाल शाईत, वळणदार.

“ज्या खोलीत काम करायचं, तिथंच वाचून दाखवा,” मी म्हटलं. डॉक्टरही आत आले. मी दार लावलं.

त्यानं कागद लाल दिव्याखाली धरला. “प्रमाणित करण्यात येते की श्रीयुत...” आणि थांबला. कागद जवळ नेला, लांब नेला. पुढची जागा कोरी.

“श्रीयुत कोण?” मी विचारलं.

डॉक्टर वाकून त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“बाई, इथं तुमचं नाव लिहायला काळी पेन्सिल आहे ना?”