समोरच्यांचं रजिस्टर

पराभव इतक्या टापटिपीने जपून ठेवणारा माणूस आमच्या मामेसासऱ्यांखेरीज या भूतलावर दुसरा झाला असेल, यावर माझा विश्वास नाही. लोक जिंकलेले कप काचेच्या कपाटात ठेवतात. जबलपूरला, घमापुरातल्या मामांच्या घरीही कपाट आहे, त्याला काच आहे, ती रोज पुसलीही जाते; आत मात्र एका कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमचे बावीस वर्षांचे पराभव उभे आहेत, तारीखवार, कापडी बांधणीत, वर खाकी कव्हर चढवून. पाहुणा आला की मामी चहा टाकायला जाते आणि मामा कपाटाची किल्ली शोधायला. अनुभवी पाहुणे चहा न घेताच उठतात.

हे मामा माझ्या बायकोचे सख्खे मामा. कॉलेजच्या पोरी त्यांना काका म्हणतात, उरलेलं कॉलेज काकाजी म्हणतं. त्यांची सगळी नोकरी डिफेन्सच्या कारखान्यात, तपासणी खात्यात गेली. केसाएवढा फरक दिसला तरी माल परत पाठवायचा, हे काम. बास्केटबॉलशी संबंध आला तो माझ्या बायकोमुळे. ती त्या कॉलेजात होती तेव्हा वर्षभर टीममध्ये राखीव खेळाडू होती, आणि एका संध्याकाळी मामा तिला न्यायला स्कूटर घेऊन नेपियर टाउनजवळच्या त्या कोर्टावर गेले. गुण लिहिणारा माणूस आला नव्हता. कुणीतरी “अंकल जी, ज़रा दो मिनट” म्हणत कागद-पेन त्यांच्या हातात कोंबलं. ती दोन मिनिटं पुढे संपलीच नाहीत. बायको पदवी घेऊन बाहेर पडली, माझ्याशी लग्न करून पस्तावली, आमची मुलगी बारावीला आली. मामा आपले तिथेच, टेबलामागे. पगार नाही, पद नाही, ओळखपत्र नाही. फाटकावरचा वॉचमन बदलला की नव्या वॉचमनला आठवडाभर पटवून द्यावं लागे की हे गृहस्थ कुणाचे वडील नाहीत, आणि तरीही त्यांना आत सोडायचं आहे.

मामांची रजिस्टरं दोन. हिरव्या पाठीचं ‘आपले’ आणि लाल पाठीचं ‘समोरचे’. प्रत्येक मॅचनंतर आपल्या पोरींनी काय केलं ते हिरव्यात आणि समोरच्यांनी आपल्याशी काय केलं ते लालमध्ये. हिरव्याचा पहिला खंड अजून भरलेला नाही. लालचा चौथा चालू होता. त्यातही मामांचा न्याय असा कडक, की एकदा आपल्या एका पोरीने गडबडीत उलट दिशेला धावत जाऊन आपल्याच बास्केटमध्ये इतका सुंदर चेंडू टाकला, की समोरच्या पोरींनीही टाळ्या वाजवल्या. गुण समोरच्यांचे, हे नियमाने ठरलेलं. पण टाकला तर आपल्या पोरीने! मामा दोन दिवस नीट जेवले नाहीत. शेवटी गुण लालमध्ये लिहिले आणि हिरव्यात शेरा मारला: ‘प्रयत्न उत्तम. दिशा चुकली.’ मला वाटतं, त्या टीमच्या बावीस वर्षांच्या इतिहासाला याहून नेमके चार शब्द सापडणार नाहीत.

समोरच्यांवरही त्यांची माया तितकीच. एकदा मी त्यांना बँकेत घेऊन गेलो. काउंटरमागच्या बाई मान खाली घालून काम करत होत्या. मामा थबकले, चष्मा वर केला आणि अख्ख्या बँकेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “अरे! हमारे खिलाफ एक मैच में सबसे ज़्यादा रिबाउंड इन्हीं के हैं!” बाई दचकल्या. रांगेतल्या माणसांना वाटलं, काहीतरी भानगड उघडकीला आली. मग त्या बाई लाजून हसल्या आणि म्हणाल्या, “अंकल, यह तो मुझे भी याद नहीं।” मामा म्हणाले, “आपको क्यों याद रहेगा? भुगता तो हमने है।”

मामीला हे सगळं एका वाक्यात आटपता येतं. “दुसऱ्याच्या पोरी कधी हारल्या ते पाठ हाये बाप्पा यांना. घरचं सिलिंडर कधी लावलं, इचारा बरं!” मामा शांतपणे म्हणत, “सिलिंडरचं रजिस्टर तू ठेव. मी काहून ठेवू?”

त्यांचे नियम तीन, आणि तिन्ही पोरींना पाठ. पहिला: रजिस्टरात खाडाखोड नाही. “खाडाखोड म्हणजे खोटं बोलून वरून इस्त्री करणं.” दुरुस्ती करायचीच तर बाजूला लिहायची आणि प्रत्यक्ष खेळलेल्या मुलीची सही घ्यायची. दुसरा: बाहेरगावी मॅच असली आणि मामा बरोबर नसले तर फोनवर आधी आकडे सांगायचे, रडणं मागून. तिसरा: मराठी घरातल्या पोरीने त्यांच्याशी मराठीतच बोलायचं. “घरी समजते नं? मग बोल.” आता जबलपुरातल्या आमच्या पोरींचं मराठी म्हणजे ऐकण्याची भाषा. आजीचं सगळं कळतं, उत्तर हिंदीत जातं. पण काकांपुढे बिचाऱ्या अडखळत, शब्द जमवत बोलायच्या. आणि सगळं सांगून झालं की मामांचं उत्तर ठरलेलं: “चलो, लिहून घेतलं.” शाबासकी नाही, रागावणं नाही. चलो, लिहून घेतलं.

तर गेल्या हिवाळ्यात प्राचार्या मॅडमनी मामांना बोलावलं. बाई वाईट नव्हे. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाल्या, कोर्टाच्या जागेवर नवी कॉम्प्युटर लॅब व्हायची आहे, आणि खरं सांगायचं तर या टीमसाठी कमिटीपुढे बोलायला माझ्याकडे काही नाही. “काकाजी, आप ही के पास सारा रिकॉर्ड है। पिछले पाँच साल में एक जीत दिखा दीजिए। एक। मैं लड़ लूँगी।” सोमवारपर्यंतची मुदत दिली.

मामा घरी आले ते थेट कपाटापाशी. मला बोलावणं आलं. दोन दिवस आम्ही जमिनीवर बसून पाच वर्षं उलटीपालटी केली. एवढा सुरेख दस्तऐवज मी आयुष्यात पाहिला नाही आणि इतका निरुपयोगीही. कुणाच्या किती उड्या, किती पास, किती वेळा बुटाची नाडी सुटली म्हणून खेळ थांबला, सगळं होतं. जीत तेवढी नव्हती. आपल्याच अचूकपणाने मामांना घेरलं होतं. दुसऱ्या माणसाने असा एखादा विजय सहज ‘आठवला’ असता. मी तसं सुचवूनही पाहिलं. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कारखान्यातून परत पाठवायचा माल आहे.

“ही बघ,” ते शेवटी म्हणाले, “सगळ्यात जवळची. चार वर्षांपूर्वीची. सेहेचाळीस–सत्तेचाळीस. एकानं गेली.” ती मॅच बाहेरगावी झालेली. मामांचं तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून ते गेले नव्हते. कप्तान वैशालीने फोनवर आकडे दिले होते. एका गुणाचा प्रश्न आहे, तेव्हा पंचांनी काही चुकवलं असेल, निदान ‘आपण जवळजवळ जिंकलो होतो’ असं तरी मॅडमना सांगता येईल, या आशेने मामांनी तिला फोन लावला. वैशाली आता शहपुऱ्याला असते. नवऱ्याबरोबर बी-बियाण्यांचं दुकान चालवते. मामांनी फोन स्पीकरवर टाकला.

“बेटा, ती एकानं हारलेली मॅच आठवते का?”

“कोणती हारलेली, काका?”

मामांनी गाव सांगितलं, तारीख सांगितली.

पलीकडे बियाण्याचं माप काउंटरवर ठेवल्याचा आवाज आला. मग: “काका, काय बोलून राहिले तुम्ही? ती तर आपण जिंकलो होतो!”

मामांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला आणि परत न लावता हातातच धरला.

चूक कुठे झाली ते कळायला पाच मिनिटं लागली. हिंदीतलं सैंतालीस म्हणजे आपलं सत्तेचाळीस. पण कानाला ते सेहेचाळीसचं सख्खं भावंड वाटतं. वैशालीने त्या दिवशी काकांच्या नियमाला जागून सैंतालीसचं मराठी केलं, ‘सेहेचाळीस’. समोरच्यांचा आकडा होता छियालीस, म्हणजे खरोखरचे सेहेचाळीस. त्याचं मराठी तिला सुचेना, म्हणून तो तसाच हिंदीत सांगितला. मामांच्या कागदावर दोन्हीकडे सेहेचाळीस आले. बास्केटबॉलमध्ये बरोबरी नसते. “फरक कितीचा?” त्यांनी विचारलं होतं. “एकाचाच, काका!” मागे पोरींचा आरडाओरडा चालला होता. मामांनी तो रडण्याचा धरला, कारण इतक्या वर्षांत मॅचनंतर दुसरा आवाज त्यांच्या कानावर आलेलाच नव्हता. एक गुण कुणाला द्यायचा, याचा विचारसुद्धा त्यांनी केला नाही. हात आपोआप लाल रजिस्टराकडे गेला. “चलो, लिहून घेतलं,” म्हणाले आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पोरी पुढची मॅच सडकून हरल्या आणि तिथूनच परीक्षेच्या सुट्टीला आपापल्या घरी गेल्या. त्यांच्या मते काकांना सगळं माहीत होतं. टीमबरोबर गेलेल्या शिक्षिकेची पुढे बदली झाली. ज्यांनी ती स्पर्धा भरवली त्यांना मामांनी आता फोन केला, तर कागद केव्हाच रद्दीत गेलेले. समोरच्या कॉलेजाला आपण त्या वर्षी टीम पाठवली होती हेच आठवेना.

“म्हणजे त्या मॅचची जगात एकच नोंद आहे,” मामा म्हणाले, “माझी. आणि ती खोटी आहे.”

रविवारी सकाळी मी त्यांना गाडीत घालून शहपुऱ्याला नेलं. मांडीवर दोन्ही रजिस्टरं, जणू आजारी माणसाला डॉक्टरकडे नेतोय. बाजाराचा दिवस होता. वैशाली एका शेतकऱ्याला हरभऱ्याचं बियाणं मोजून देत होती. तिच्या सासूने विचारलं, “कौन हैं ये?” वैशालीने तोंड उघडलं आणि अडली. कोच म्हणावं तर कोच नव्हेत, सर नव्हेत, नातेवाईक नव्हेत. शेवटी म्हणाली, “अम्मा, ये हमारे... ये लिखते थे।” सासूने मान डोलावली आणि लिहिणाऱ्या माणसासाठी चहा मागवला.

मामांनी काउंटरवर रजिस्टर उघडलं. मूळ आकड्यांना हात न लावता बाजूला, कोरून काढल्यासारख्या अक्षरात, दुरुस्ती लिहिली होती. वैशालीने बियाण्याची धूळ ओढणीला पुसली, सही केली, आणि पेन परत देताना सहज म्हणाली, “मी सगळ्यात आधी तुम्हालाच फोन केला होता, काका. घरी पण नंतर सांगितलं. तुम्ही बोलले, लिहून घेतलं. मला वाटलं, चलो, काकांनी लिहिलं म्हणजे पक्कं झालं.”

परतीच्या वाटेवर मामांनी दोन्ही रजिस्टरं पुन्हा मांडीवर घेतली. मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, “पोरी जिंकून ओरडून राहिल्या होत्या, अन् मला तो आवाज ओळखूच नाही आला.” मी, जो कुठल्याही प्रसंगी काहीतरी चुरचुरीत बोलतो म्हणून सासरी प्रसिद्ध आहे, तो गाडीचा गिअर बदलण्यात गुंतलो.

सोमवारी मॅडमनी पान वाचलं. दोनदा वाचलं. म्हणाल्या, “काकाजी, मैं आपकी बात मानती हूँ। पर कमिटी को क्या दिखाऊँ? स्याही कल की है।” मामांनी वाद घातला नाही. आपल्या तपासणीत त्यांनी स्वतःही हा माल पास केला नसता. कोर्टावरचे बोर्ड उतरले, खांब भंगारात गेले, आणि महिन्याभरात तिथे लॅबचा पाया खणायला सुरुवात झाली.

आम्हाला वाटलं, आता मामा कपाटाला कुलूप घालतील. मामीने तर त्यात लोणच्याच्या बरण्या ठेवायची तयारीही केली. पण मामांना धसका बसला होता तो वेगळाच: एक चुकलं, तर आणखी किती? आता रोज दुपारी, जेवण झाल्यावर, ते पहिल्या वर्षापासूनच्या पोरींना एकेक करून फोन लावतात. कुणी नागपुरात मास्तरीण आहे, कुणी रेल्वेत आहे, कुणाच्या मुलीच कॉलेजात आहेत. “बेटा, मैंने तुम्हारा कुछ ग़लत तो नहीं लिखा?” हिंदीत विचारतात; आकड्यांच्या बाबतीत मराठीवरचा त्यांचा विश्वास उडाला आहे. दुसरी जीत अजून सापडलेली नाही. पोरी मात्र तासतासभर बोलतात.

परवा आमच्याकडे फोन आला, बायकोने तो स्पीकरवर टाकला. माझ्या बायकोचा नंबर लागला होता. मामांनी पान नंबर सांगून विचारलं, “उस मैच में आख़िरी मिनट में तुझे दो फ़्री थ्रो मिले थे। मैंने लिखा है, दोनों चूके। सही है?”

बायकोने माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

“नाही मामा,” ती म्हणाली, “एक आत गेला होता.”

पलीकडून कागदाचा आवाज आला, पेनचं टोपण उघडल्याचा आला, आणि मग मामांचा, कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता असा: “शाबास! सही करायला कधी येतेस?”

“येते रविवारी,” ती म्हणाली. फोन ठेवला, ओट्यावरचं फडकं घेऊन आधीच स्वच्छ असलेला टेबल पुसू लागली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “दोन्ही चुकवले होते.”