एका आढ्याखाली बारा खोल्या

बारा खोल्यांच्या नव्याकोऱ्या चाळीत मी चार महिने एकटी राहिले. बाजाराकडून आलं की पहिलं दार माझं, आणि तिथून पुढं ओळीनं अकरा कुलुपं.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट आहे. पौडाला शहर म्हणायची हिंमत कुणी केली नसती, पण मुळशी तालुक्याची पेठ तीच. भाताच्या गिरण्या, कचेरी, एसटीचा थांबा, दहा-वीस दुकानं. आणि पेठ असली की तिच्या पाठीमागं झोपड्या असतातच. भाताची पोती वाहायला डोंगरातून उतरलेली अकरा कुटुंबं ओढ्याच्या कडेला तरटं आणि पत्रे उभे करून राहत होती. मुंबईच्या एका शेठजींनी वडिलांच्या स्मरणार्थ धर्मादाय संस्था काढली होती. कुणाच्या तरी ओळखीतून त्या संस्थेची नजर या ओढ्यावर पडली. झोपड्यांपासून हाकेच्या अंतरावर उंचवट्याची जागा मिळाली, विटांच्या भिंती उठल्या, वर मंगलोरी कौलं चढली. अकरा खोल्या अकरा कुटुंबांना, फुकट, आणि बारावी बालवाडीच्या बाईला. ती बाई म्हणजे मी.

मी एकोणिसाव्या वर्षी विधवा झाले आणि पुढची सात वर्षं पुण्यात भावाच्या घरी काढली. माझं अंथरूण दिवसा माळ्यावर असे आणि ट्रंक वहिनीच्या पलंगाखाली. वहिनी वाईट नव्हती. कुणी आलं की 'या माझ्या नणंदबाई' अशी ओळख करून द्यायची, आणि माणूस लगेच समजल्यासारखी मान हलवायचा. ती मान हलवणं मला अजून दिसतं. बालवाडीचं शिक्षण मी कशासाठी घेतलं असं कुणी विचारलं तर मुलांची आवड म्हणून असं सांगत असे. खरं कारण म्हणजे मला एक दार हवं होतं, आतून कडी लावता येईल असं.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी मी ट्रंक घेऊन पौडाला उतरले. संस्थेच्या चिटणीसांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्याच हाती दिला होता, कारण माणसं राहायला येतील तसतशा खोल्या मीच उघडून द्यायच्या होत्या. मी माझी खोली उघडली, झाडली, चूल पेटवली आणि कोपऱ्यावरून आणलेलं दूध तिच्यावर ठेवून ते उतू जाऊ दिलं. नव्या घरात शिरताना असं करतात. वहिनीच्या माहेरी नवं घर झालं तेव्हा मी मागच्या दारी भांडी घासत बसले होते. पुढं येऊ नकोस असं मला कुणी म्हटलं नव्हतं. तसं म्हणावं लागत नाही. इथं मात्र घर माझं, चूल माझी, आणि अडवायला कुणी नाही. दूध फसफसून निखाऱ्यावर सांडलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. दारावरून पाण्याच्या घागरी घेऊन झोपड्यांतल्या दोघी चालल्या होत्या. त्या थांबून बघत होत्या. मी त्यांच्याकडं बघूनही हसले. त्या हसल्या नाहीत, पण नवख्या माणसाला बुजत असतील असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी कुणी राहायला आलं नाही. आठवड्यानं नाही, महिन्यानंही नाही.

पोरं मात्र येत. अठरा-वीस पोरं सकाळी ओट्यावर बसत, गाणी म्हणत, चिंचोके मोजत. ऊन वाढलं की मी त्यांना आत बोलवायची, तर ती अंग चोरून उन्हातच बसून राहायची. मला वाटायचं, वाऱ्यावर वाढलेली पोरं आहेत, भिंतींना भितात. माणूस स्वतःची समजूत काढायला लागला की त्याला कारणांचा तुटवडा पडत नाही.

वस्तीतलं सगळं ज्यांच्या शब्दानं चालायचं त्या बाईंना सगळे थोरली म्हणत. पन्नाशीच्या, उंच, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, नवऱ्यापेक्षा मोठं पोतं उचलणाऱ्या. मी त्यांना मावशी म्हणायची. मी विचारायला गेले की त्या कामातून मान वर न करता सांगत, "येऊ की बाई. पर पानी लई लांब पडतंय तितनं."

मी संस्थेला पत्र लिहिलं. संस्थेनं चाळीमागं आड खणून त्यावर रहाट बसवला. थोरली म्हणाली, "धूर कोंडंल." संस्थेनं प्रत्येक खोलीला धुराडं काढलं. मग कोंबड्या कुठं ठेवायच्या असं निघालं. चिटणीसांनी लिहिलं, 'खुराड्यांच्या मागणीचा सहानुभूतीनं विचार होत आहे,' आणि खरोखर गवंडी येऊन अकरा खुराडी बांधून गेला. धर्मादाय संस्था इतकी गुणी मी पुन्हा पाहिली नाही. पण खुराड्यांत एक कोंबडी शिरली नाही.

एकटेपण म्हणजे काय ते मला भावाच्या घरी कळलं होतं असं मी समजत होते. तिथं निदान कुणाच्या तरी वाटेत येत होते. इथं दुपारी बारानंतर पोरं गेली की माझ्या पावलांचा आवाज मला ऐकू यायचा. संध्याकाळी ओट्यावर बसलं की खाली झोपड्यांतला धूर, भाकरी थापल्याचा आवाज, कुणाचं तरी भांडण, मग त्याच माणसांचं हसणं, सगळं कानावर येई. तीनशे पावलांचंही अंतर नव्हतं. मी दर शनिवारी अकरा खोल्या उघडून झाडायची. वापर नसलेल्या खोलीत इतकी धूळ कुठून येते कोण जाणे. झाडताना मी मोठ्यानं बोलायला लागले होते. 'इथं पाळणा टांगता येईल बघा,' असं रिकाम्या भिंतीला सांगायची. एकदा माझाच आवाज घुमला आणि मी दचकून गप्प बसले.

माघ सरता सरता चिटणीसांचं पत्र आलं. होळीच्या आत खोल्या भरल्या नाहीत तर त्या एका व्यापाऱ्याला भाताचं गोदाम म्हणून द्यायचं संस्थेनं ठरवलं होतं. लोकांना नको असेल तर दान लादता येत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? ओढ्याकाठी माणसांनी तरटाखाली राहायचं आणि विटांच्या भिंतींत पोत्यांनी, हे मला सहन होईना.

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी मण्यारीण माझ्याकडं आली. बाजारात तिचं बांगड्यांचं दुकान होतं, सगळ्या तिला चाची म्हणत. तालुक्यातल्या बाया तिच्यापुढं हात देऊन बसत आणि बांगड्या भरून होईतो पोटातलं सगळं ओकून टाकत. मी तिच्या दुकानात कधी बसले नव्हते. माझ्या हातांना तिथं काम नव्हतं. गावाला ठाऊक असलेली गोष्ट मलाच तेवढी ठाऊक नव्हती, ती यामुळं.

ती ओट्यावर टेकली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "बाई, कुनी सांगत न्हाई तर मीच सांगते. रागावू नगा. पैल्या दिशी दूध कुनी उतू घातलं हितं?"

"मी. माझ्या खोलीत."

"खोली कसली? वर बगा."

मी वर बघितलं. कौलांखाली आढं होतं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग गेलेलं लांबलचक लाकूड. खर्च वाचावा म्हणून कंत्राटदारानं बाराही खोल्यांवर एकच टाकलं होतं.

"ह्यांच्यात एक आढं मंजी एक घर," चाची म्हणाली. "आत भिंती किती बी असूंद्यात. समद्या घराचं पैलं दूध मोकळ्या कपाळाच्या बाईनं उतू घातलं, असं त्यास्नी वाटतंय. आपल्या लेकरांची धास्ती वाटती. पानी, धूर, कोंबड्या, ही समदी तुमाला दुखवू ने म्हून काडलेली कारनं."

तोंडात मारल्यासारखं झालं. चाची गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि आधी रडले आणि मग संतापले. संताप जास्त वेळ टिकला. आडासाठी पत्रं मी लिहिली, धुराड्यांसाठी मी लिहिली, यांच्या पोरांची शेंबडी नाकं मी पुसली, आणि यांना माझ्या कपाळाची भीती! तशीच उठून मी झोपड्यांत गेले.

थोरली तांदूळ पाखडत होती. मी सगळं एका दमात बोलले. तिनं सूप खाली ठेवलं.

"व्हय," ती म्हणाली. "खरं हाय."

"मग चार महिने सांगितलं का नाही, मावशी?"

"कसं सांगायचं? आमच्या पोरांस्नी शिकवतायसा तुमी. तोंड उगडंना."

तिनं निदान खोटं तरी बोलायला हवं होतं असं मला त्या क्षणी वाटलं. पण ती खोटं बोलून दमली होती. मी विचारलं, काय केलं म्हणजे याल? तर म्हणाली, चूल मोडून नवी घालायची, खोली सारवायची, सवाष्णीनं पुन्हा दूध उतू घालायचं. "तुमी चार दिस भाईर ऱ्हावा. एक डाव आमी शिरलो की मंग या परत आपल्या खोलीत. मंग काय न्हाई. इधवा बाया काय घरात ऱ्हात न्हाईत व्हय? माझी सासू ऱ्हातीच की."

तिच्या दृष्टीनं ते इतकं सोपं होतं. मी दुसऱ्या दिवशी ट्रंक बाहेर काढली. किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "मी परत येणार नाही. माझी खोली कुणाला तरी द्या." संस्थेलाही तसंच लिहिलं, बालवाडीच्या बाईला जागेची गरज नाही. रागाच्या भरात लिहिलेली पत्रं फार सुवाच्य असतात. आठ दिवसांत उत्तर आलं आणि माझी खोली मुठ्याहून हमालीला आलेल्या एका जोडप्याला मिळाली.

ज्या दिवशी सगळे शिरले त्या दिवशी मी थोरलीच्या रिकाम्या झालेल्या झोपडीत बसले होते. बालवाडी सोडायची नव्हती आणि दुसरीकडं जागा नव्हती. वर चाळीत बाराही धुराड्यांतून धूर निघाला. पोरांचा गलका, कोंबड्यांचा कालवा, सगळं वर गेलं आणि ओढ्याकाठी मी उरले. झालं ते मला हवं तेच झालं होतं. तरी बघवेना, म्हणून मी चाळीकडं पाठ करून बसले.

होळीच्या आदल्या दिवशी चिटणीस आले. भरलेली चाळ बघून त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी खाली बघितलं. सगळ्या झोपड्या मोडायच्या अशी संस्थेची अट होती, आणि एक उभी होती. तिथं मी राहते असं मी सांगितलं. ते गोंधळले, वही चाळली, घसा खाकरला. खोल्या बाराही भरल्या होत्या आणि योजना तर कुटुंबांसाठी होती. एकट्या बाईला त्यात कुठं बसवायचं, असं ते हळू आवाजात म्हणाले. भले गृहस्थ होते, त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

थोरली बाजूला उभी होती. तिनं विचारलं, "आमच्यात मानसं किती लिवली?"

"सहा."

"सात लिवा. ही सातवी."

चिटणीसांनी पेन काढलं. "नातं काय लिहू?"

थोरलीनं माझ्याकडं बघितलं, जरा विचार केला आणि म्हणाली, "नणंद लिवा."

तिच्या मापानं तिनं मला अगदी जवळची जागा दिली होती. विधवा होऊन माहेरी परतलेल्या ज्या बाईला घरातून कुणी हलवू शकत नाही, तिची जागा. ते तिला कुठून कळणार, की सात वर्षं मी तोच शब्द अंगावरून झटकत होते? माझ्या डोक्यात तिडीक गेली. "माझं नाव कुठं लिहू नका," मी म्हटलं, आणि ते इतक्या तुटकपणे म्हटलं की चिटणीसांनी पेनचं टोपण लगेच लावलं. थोरली खाली बघत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी पुण्याला गेले. पोरांनाही सांगितलं नाही.

पुढं मला शाळेत नोकरी लागली. उशिरा का होईना, दोन खोल्यांची जागा झाली, माझ्या नावावर, आतून कडी लावता येणारी. मी रागावले त्यात चूक नव्हती, हे मी अजूनही म्हणते. पण त्या दिवशी एका बाईनं मला आपल्या माणसांत मोजलं होतं, आणि मी ते लिहू दिलं नाही. तेवढं करायला नको होतं. दहा वर्षांनी एकदा शिरगणतीचा माणूस दारात येतो, वही उघडतो आणि घरात माणसं किती असं विचारतो. एक, असं मी सांगते. नात्याच्या रकान्यात तो मला न विचारता रेघ मारतो.