थांबलं की पट्टी

पट्टी पडायची आणि पाठोपाठ सर म्हणायचे, "पुढं."

फूटभर लांबीची सागवानी पट्टी. तिच्या कडेला बारीक पत्रा ठोकलेला. ती टेबलावर पडली तर तुमचं नशीब. बहुतेक वेळा बोटांच्या मुळाशी हाडं असतात तिथं पडायची. तुमच्यापैकी कुणी नव्वदीच्या दशकात तालुक्याच्या गावी टायपिंग शिकलं असेल, तर असा एखादा मास्तर तुम्हीही पाहिला असेल. पण आमच्या सरांची तऱ्हा निराळी होती. ते चुकीला मारत नसत. चुकल्यावर जो थांबायचा, त्याला मारत.

जुन्नरात कचेरीच्या मागं, टायरच्या दुकानावरच्या माडीत त्यांचा क्लास होता. सात मशिनं, सात स्टुलं. सर खिडकीकडे तोंड करून डोळे मिटून बसत. कागद बघायची त्यांना गरजच नव्हती. सात मशिनांच्या खडखडाटात एकाची लय तुटली, की ते उठून नेमके त्याच्याच मागं उभे राहत. मग पट्टी.

मुलींवर मात्र त्यांनी कधी हात उचलला नाही. पश्चिमेच्या डोंगरातली एक मुलगी होती, घरी नाचणी आणि भात, मुक्कामाला मावशीकडे. चूक झाली की तिचे हात मांडीवर जाऊन पडायचे. सर तिच्यासमोर उभे राहायचे आणि पट्टी स्वतःच्या तळहातावर मारायचे. ती पुन्हा सुरू होईपर्यंत मारत राहायचे. एकदा त्यांचा पंजा सुजून पावासारखा झाला. ती मुलगी हुंदके देत टाइप करत होती आणि सर शांतपणे म्हणत होते, "रड, पण हात चालू ठेव." पुढं तिला एका शाळेच्या ऑफिसात नोकरी लागली. पेढे घेऊन आली तेव्हा सरांनी आधी तिची बोटं बघितली, मग पेढा घेतला.

मी निरगुडसरचा, तालुका आंबेगाव. आमच्या जवळचं गाव मंचर. तिथल्या क्लासातून मला काढून टाकलं होतं, कारण चुकलो म्हणून मी मशीन ढकललं आणि ते शेजारी हसणाऱ्याच्या पायावर पडलं. माझा स्वभाव तेव्हाही हाच होता, आजही आहे. एक अक्षर चुकलं की कानात रक्त चढायचं आणि मग पुढच्या दहा चुका मी जणू सूड म्हणून करायचो. चार ठिकाणी नोकरीच्या परीक्षेला गेलो आणि चारही ठिकाणी असाच बाद झालो. एका ठिकाणी तर साहेबाच्या समोरच कागद फाडला होता.

घरी थोरला भाऊ खडीमशीनवर होता. त्याची उजव्या हाताची दोन बोटं त्या मशिनानं खाल्ली होती. वडील म्हणाले, आता एकदाच जा; नाही जमलं तर सोमवारपासून भावाच्या जोडीला. मी भावाच्या हाताकडे बघितलं आणि दुसऱ्या दिवशी एस.टी.नं जुन्नर गाठलं.

सरांनी माझी पहिली ओळ ऐकली, पट्टी मारली आणि विचारलं, "राग येतो?"

मी म्हटलं, लई येतो.

"येऊ दे. त्यो बोटात येऊ दे. डोक्यात गेला की तू खलास."

एका पतसंस्थेत लिपिकाची एक जागा निघाली होती. आधी टायपिंग, मग मुलाखत. सरांनी तीन आठवडे माझी तयारी करून घेतली. तयारी म्हणजे मार. मी टाइप करत असताना ते कागद ओढायचे, मशीन हलवायचे, मानेवर थंड पाणी ओतायचे. जुन्या विद्यार्थ्यांना मुलाखतीचे पंच म्हणून समोर बसवायचे आणि त्यांना सांगायचे, याला वाटेल ते बोला. ते बोलायचे. तुझ्या भावाची बोटं कुठं गेली राव, असंही एकानं विचारलं. मी उठलो तशी सरांनी अशी थोबाडीत दिली, की स्टुलासकट आडवा झालो. तोंडात रक्ताची चव आली.

"टाइम चाललाय," सर म्हणाले. "पुढं."

मी उठून बसलो आणि राहिलेली ओळ पुरी केली. हात थांबले नाहीत. त्या दिवशी सरांनी मला चहा पाजला. बशी पुढं सरकवली, तेवढंच.

परीक्षेला पत्र होतं, जुन्नरच्या तहसीलदारांना. मी आयुष्यभर प्रत्येक अर्जावर आपला तालुका लिहीत आलेला माणूस. बोटांनी आपोआप 'आंबेगाव' उठवलं. शब्द पूर्ण झाला तेव्हा लक्षात आलं. खोडायला परवानगी नव्हती. कानात रक्त चढलं. शेजारी बसलेला, पतसंस्थेच्या अध्यक्षांच्या बहिणीचा मुलगा मधेच उठून पाणी प्यायला गेला होता. मला वाटलं, मशीन उचलावं आणि खिडकीबाहेर टाकावं. हाताच्या हाडांवर पट्टी पडल्यासारखं झालं. मी पुढं गेलो. तहसीलदार आंबेगावचेच राहिले आणि बाकीचं पत्र बिनचूक आलं.

मुलाखतीत त्याहून मोठा घोळ केला. अध्यक्ष म्हणाले, बसा. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला जे म्हणतात ते माझ्या तोंडून निघून गेलं: "तुमी बसा पावणं." सगळे हसले. पूर्वी मी तिथंच संपलो असतो. या वेळी त्यांच्या हसण्यातच खुर्ची ओढून बसलो आणि पुढच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, त्याच्या पुढच्याचंही. बाहेर आलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. पण हे काम आपलं झालं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

दोन दिवसांनी फळ्यावर कागद लागला. टायपिंगमध्ये माझा पहिला नंबर होता आणि जागा अध्यक्षांच्या भाच्याला मिळाली होती. त्याच्या नावापुढं टायपिंगचे गुण लिहिलेलेच नव्हते.

मी तिथून निघालो तो थेट टायरच्या दुकानात. जॅकजवळ चाकं खोलायचा लांब पाना पडला होता. तो उचलला. दुकानदार काय ओरडला ते ऐकू आलं नाही. वळलो तर माडीच्या जिन्यावरून सर खाली येत होते.

"कुठं?"

"अध्यक्षाचं डोकं फोडायला."

सर शेवटच्या पायरीवर थांबले. माझ्या हातातल्या पान्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"त्याचं कशाला?" ते म्हणाले. "जागा आधीच दिलेली व्हती. मला ठाव व्हतं."

मला आधी कळलंच नाही. ते पुन्हा म्हणाले, "ठाव व्हतं मला. तरी तुला पाठवलं. गंमत बघायला."

पाना हातातून पडला ते एक बरं झालं. बाकी दोन्ही हातांनी मी त्यांना मारलं. त्यांनी हात वर केला नाही. चष्मा फुटला, ओठ फाटला, ते जिन्यावर बसले. दुकानातल्या माणसांनी मला मागं ओढलं नसतं तर कुठं थांबलो असतो, सांगता येत नाही. सर शर्टाच्या बाहीला तोंड पुसत म्हणाले, "झालं? आता घरी जा."

मी गेलो. पुन्हा त्या जिन्याकडे फिरकलो नाही.

सोमवारी खडीमशीनवर हजर झालो, पण मशिनाकडे गेलो नाही. मालकाच्या पत्र्याच्या खोलीत शिरलो आणि तुमच्या पावत्या हातानं लिहिता, मी टाइप करून देतो म्हणालो. मालक शिवराळ होता. त्यानं आईवरून शिवी दिली, हातातली वही फेकून मारली. मी बोलताना अडखळलो, त्याच्या भागीदाराचं नाव चुकीचं घेतलं, तरी बोलत राहिलो. तासाभरानं त्यानं एक खुर्ची दाखवली. माझी बोटं शाबूत राहिली. पुढं मी जुनी खडीमशिनं घ्यायला-विकायला लागलो. आळेफाट्यापासून आणे गावापर्यंत माझ्याशी सौदा करताना लोक आधी पाणी पितात. तोंडून चुकीचा आकडा गेला तर मी जीभ चावत नाही. तोच आकडा धरून समोरच्याला घाम फोडतो. हे कुठं शिकलो ते मी कुणाला सांगत नसे. त्या माणसानं माझी गंमत बघितली होती. मी तो राग दहा-अकरा वर्षं जपला, पोसला.

मग कॉम्प्युटर आले आणि टायपिंगचे क्लास एकेक करून बंद पडले. एका जमिनीच्या कामासाठी मी कचेरीत गेलो होतो. समोर झाडाखाली अर्ज लिहून देणारे आबा बसत. सरांच्या वयाचे, त्यांच्या रोजच्या बैठकीतले. मी सहज विचारावं तसं विचारलं, तो टायपिंगवाला मास्तर आहे का अजून? त्याच्याकडून एक उत्तर घ्यायचं होतं.

"मागल्या पौषात गेला," आबा म्हणाले. मग चष्म्यावरून बघत राहिले. "तू निरगुडसरचा न्हवं? पाना घेऊन निघालेला?"

मी मान हलवली. म्हटलं, त्याला सगळं माहीत होतं, तरी मला पाठवलं.

आबांनी लिहायचं थांबवलं. "काय बी ठाव नव्हतं त्याला. अध्यक्षानं त्याला शब्द दिला व्हता, पहिला येईल त्यालाच घेऊ म्हणून. त्वा डोकं फोडलं असतंस, तर सात वर्षं आत गेला असतास. म्हणून तो तसं बोलला."

"मग?" मी विचारलं.

आबा सांगत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी सर फुटका चष्मा घालून पतसंस्थेत गेले. आतून कडी लावली आणि चपलेनं अध्यक्षाला मारलं. दार तोडून आत आलेल्या माणसांनी त्यांना तसंच पायरीवर आणलं आणि डावा हात कोपरात मोडला. हाड वाकडं बसलं. त्यानंतर सर कधी मशिनावर बसले नाहीत. शिकवायचे, पण टाइप करून दाखवायचे नाहीत. हात कशानं मोडला हे विचारलं, तर जिन्यावरून पडलो म्हणायचे.

मला आबांचाही राग आला. मला सांगायला काय झालं होतं? मी काय परगावात होतो? माझ्या भागातला माणूस माझ्यासाठी हात मोडून घेतो आणि मला कळवतसुद्धा नाही. हा सौदा मला न विचारता झाला होता, आणि न विचारता झालेला सौदा मी आजवर मानलेला नाही.

पण एक गोष्ट मी आबांना सांगितली नाही. त्याआधी दोन-तीन वर्षांची. जुन्नरच्या रविवारच्या बाजारातून मी जीप काढत होतो. भाजीच्या रांगेशी सर उभे होते. मेथीची जुडी काखेत धरून, पिशवीचे बंद दातांनी ओढत होते. डावा हात कोपरापासून बाहेरच्या बाजूला गेलेला. जीप त्यांच्या अगदी शेजारून गेली. कुणीतरी चांगला हाणलाय, असं मी मनात म्हटलं. मला बरं वाटलं. पिशवी हातातून सुटली, मेथी चिखलात पडली, आणि ती उचलायला सर एका हातावर वाकले तेव्हा मी हॉर्न दिला.