कारभाऱ्यांच्या फायली

डेटा कसा जमवणार, कुठं ठेवणार, कोण ऐकणार, काम संपल्यावर त्याचं काय करणार, हे सगळं आधीच लिहून द्या, असं विद्यापीठानं सांगितलं आणि माझं डोकंच चक्रावलं. अजून एक शब्द रेकॉर्ड झाला नव्हता आणि हे त्याचा शेवट विचारत होते. मला पाचोडकडच्या मेंढपाळांची बोली अभ्यासायची होती. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "लिहा काहीतरी, पण लिहिलं की पाळावं लागतं." मग लिहिलं: कुणाचंही नाव नोंदवणार नाही, बोलणं कागदावर उतरवलं की आवाज पुसून टाकीन. वाचायला झकास वाटलं.

पालांवर गेले तर बायका नवऱ्याचं नाव घेईनात. "आमच्या कारभाऱ्यांचं बोलणं घ्या," एवढंच. नाव नकोच होतं, मी खूश. फाईलला शीर्षक दिलं 'कारभारी'. पुढच्या पालावरही कारभारीच निघाले, मी पुढं आकडा टाकला. घरी येऊन बघते तर लॅपटॉपभर कारभारी, कोणता कुणाचा, देव जाणे. म्हटलं, बोलीच तर हवीय, माणूस कशाला?

उतरवून झालेले आवाज पुसायला सुरुवात केली त्याच आठवड्यात एक मावशी एसटीनं थेट आमच्या विभागात आली. तिच्या पालावर मी लई चहा प्यायले होते. कपाळ मोकळं दिसलं.

"कारभारी गेलं," ती म्हणाली. "तुमच्याकडं आवाज हाय ना त्यांचा? एकदा ऐकवा."

तो पुसला गेलाय की राहिलाय, मलाच ठाऊक नव्हतं. एकेक फाईल लावत गेले. ती मान हलवायची, "नाय, ह्यो नाय." फायली संपत आल्या होत्या. मग एकात बोलण्याआधी कुणीतरी मेंढरांना लांब हाळी दिली आणि खोकलं. मावशीनं पदर तोंडाला लावला.

"व्हय. ह्येच."

पुन्हा पुन्हा ऐकलं तिनं. मग म्हणाली, "ह्येच्यावर नाव टाका, बाई. परत हरवंल."

मी सांगितलं, नाव टाकायचं नाही आणि आवाजही पुसायचाय, तसं लिहून दिलंय.

"कुणी दिलं?"

"मीच."

मला स्वतःचाच राग आला, सरांचाही आला, त्यांचा काही संबंध नसताना. मग तिनं दाराकडं पाहिलं, कुणी नाही ना म्हणून, आणि जन्मात कधी घेतलं नव्हतं ते नाव घेतलं. हळू, पण स्वच्छ.

ते नाव देऊन मी फाईल तिच्या मोबाइलमध्ये घातली. माझ्याकडची ठेवायची की पुसायची, ते मला आजही कळत नाही. सरांनाही अजून विचारलेलं नाही.

तिला वाचता येत नव्हतं. पडद्यावर बोट ठेवून तिनं विचारलं, "हितं लिवलंय?"

"व्हय," मी म्हणाले.

तिनं बोट तिथून बराच वेळ उचललं नाही.