कमावलेल्या अंगाचा नियम

अकरा वाजत आले तरी वडील तालमीतून उठेनात. तालीम कागदावरची होती. सांगलीला विश्रामबागेत आमच्या छापखान्याच्या टेबलावर तिचा पट पसरला होता. वडील मात्र खरेखुरे वस्ताद. रहिमतपूरला त्यांनी जन्मभर पोरांना कुस्ती शिकवली.

"पैलवान, या डावाला काय करणार?" मी विचारलं.

"जोर मारणार."

"मैदानात उतरत नाही?"

"बघू की. मान अजून तयार न्हाई."

मी त्यांच्या कार्डावर मानेपुढचे एकोणचाळीस खोडून चाळीस केले. समोर बसलेला मशीनमन म्हणाला, "मग मीबी जोरच मारतो." खिळे जुळवणारा कंपोझिटरही तेच म्हणाला. आमचे मालक आण्णा मागं उभे राहून घाम पुसत होते.

आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. मी तिथं प्रूफरीडर होते, म्हणजे कागद छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका शोधणारी. सहा महिन्यांच्या बोलीवर लागले होते आणि पाच संपले होते. कॅलेंडरं, लग्नपत्रिका, सापशिडीचे पट, काहीही छापायचो. आण्णांच्या मनात आलं, जत्रांच्या हंगामाला कुस्तीचा खेळ काढायचा. सापशिडीत सोंगटी सरकते, इथं माणसानं स्वतः पैलवान व्हायचं. प्रत्येकाला एक कार्ड. त्यावर आपलं नाव, गाव आणि चार रकाने: ताकद, दम, पकड, मान. एकानं वस्ताद व्हायचं. तो विचारणार, बाकीच्यांनी आपण काय करतो ते सांगायचं. मैदानात उतरला की फासा टाकायचा, त्यात आपले आकडे मिळवायचे, ज्याची बेरीज जास्त त्याची कुस्ती. तीन कुस्त्या जिंकणाऱ्याला गदा, आणि खेळ संपला.

"बाई, हा खेळ नीट निघाला की तुमी कायम," असं आण्णांनी सांगितलं होतं. धाकट्या दोन भावांची कॉलेजं माझ्या पगारावर चालली होती. त्यामुळं मी जन्मात पहिल्यांदाच कुस्तीचा मनापासून विचार करत होते.

अडचण एकच होती. अंग कमावणं आकड्यांत कसं बसवायचं? हे काम आण्णांनी भाच्याला दिलं. बाळासाहेब सहा वर्षं सांगलीच्या तालमीत होता. छापखान्यामागच्या घरात त्याची म्हैस वेगळी, बदाम वेगळे आणि दुपारची झोपही वेगळी. त्यानं एका वाक्यात नियम केला: तालमीत थांबणाऱ्यानं दर डावाला कोणताही एक आकडा एकानं वाढवावा, कमावलेलं अंग कधीही कमी होत नाही. मी शुद्धलेखन तपासलं. एकही चूक नव्हती.

छापण्याआधी अशा खेळाची परीक्षा घेतात. ज्यानं तो बनवला नाही त्याला नुसते नियम द्यायचे आणि आपण तोंड मिटून बसायचं. म्हणून वडिलांना बोलावलं होतं. खेळात वस्ताद मी, आणि खरे वस्ताद माझे शिष्य. हे त्यांना भलतंच आवडलं होतं.

शेवटी आण्णांना राहवेना. "आवं वस्ताद, चाळीस झाली की मान! आता तरी उतरा."

"कशापायी? मैदानात पडलो तर डाव फुकट जातुया. हितं बसलो तर आकडं वाढत्यात. नियमात कुठं लिवलंय उठा म्हणून?" वडिलांनी कार्ड खाली ठेवलं. "कुणी केला हा नियम?"

"मी," बाळासाहेब दारातून म्हणाला. हातात दुधाचा तांब्या.

वडिलांनी त्याला जवळ बोलावलं. दंड बघितले, मांड्या बघितल्या, मान वाकवून बघितली. आणि मग हळूच त्याचा कान धरला. मला पुढचं कळलं आणि मी प्रुफात डोकं घातलं. कुस्तीत कान घासून घासून मोडतो, सुजतो आणि तसाच घट्ट होतो. माझ्या वडिलांचे दोन्ही कान सुक्या अंजिरासारखे आहेत. बाळासाहेबाचा कान देवघरातल्या मूर्तीला शोभला असता.

"किती वर्सं तालमीत?"

"सा."

"कुस्त्या किती?"

"तयारी चाललीया."

मशीनमन उठून मशीनच्या मागं गेला आणि तिथं एकटाच हसला. आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"पैलवान, अंग हाय त्ये, सातबारा न्हवं," वडील म्हणाले. "एकदा नावावर झालं की झालं, असं नसतंय. चार दिस उतरला न्हाईस तर दम जातुया. आन मान जोरानं न्हाई बनत, पडून बनती." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पोरी, लिही. तीन डाव मैदानात न उतरंल त्याचा दम एकानं कमी. आन हरला तरी मान एकानं वाढती."

मी लिहिलं. पुन्हा डाव मांडला. अर्ध्या तासात मशीनमन गदा घेऊन मोकळा झाला. आण्णा खूश झाले. मी मनातल्या मनात भावांची फी भरून टाकली.

ती खुशी एक रात्रही टिकली नाही. सकाळी आण्णा खाली मान घालून आले. बाळासाहेब जेवला नव्हता म्हणे. दूधसुद्धा घेतलं नव्हतं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"बाई, जुनाच नियम छापा. बहिणीचा मुलगा हाय, घरात तोंड दाखवायचंय मला. आन तुमच्या वडलांनी त्याची शोभा केली, ते काय बरं न्हाई. कायमचं पुढं बघू."

मला रडू आलं आणि रागही आला. पण प्रूफरीडरनं राग काढायचा तो प्रुफावरच. मी दोन्ही नियम समासात लिहिले, जुन्यापुढं 'मालकांच्या सांगण्यावरून हाच छापावा' अशी टीप टाकली आणि प्रूफ पुढं सरकवलं. छापायला हरकत नाही अशी सही मालकाला त्यावर करावीच लागते. आण्णांनी न वाचता वळणदार सही केली.

खेळ जत्रांना गेला आणि जत्रांवरून परत आला. मेढ्याचा दुकानदार तर गठ्ठा घेऊन स्वतः आला.

"आण्णा, हा खेळ सपतच न्हाई! चार गिऱ्हाईकं सकाळधरनं बसल्याती माझ्या दुकानात. समदी तालमीत. एकबी उठंना, दुसरं गिऱ्हाईक आत शिरंना!"

तो गेल्यावर आण्णांनी मला हाक मारली. "बाई, प्रूफ कुणी बघितलं?"

मी फाइलीतून कागद काढून समोर ठेवला. त्यांनी टीप वाचली. सही वाचली. मागच्या अंगणात बाळासाहेब बैठका मारत होता, आकडे मोठ्यानं म्हणत. आण्णा बराच वेळ ते आकडे ऐकत राहिले.

"उद्यापास्नं तुमी कायम," ते म्हणाले. मग खिडकीतून ओरडले, "बाळ्या, येत्या जत्रंत उतरायचं! न्हाईतर म्हस इकतो!"

म्हैस वाचली. बाळासाहेब उतरला आणि चहा गार व्हायच्या आत आभाळाकडं तोंड करून पडला. दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला. डावा कान सुजून लाल झाला होता. नव्या आवृत्तीचं प्रूफ समोरच होतं. त्यानं स्वतः पेन्सिल घेऊन आपला नियम खोडला, वडिलांचा वाचला आणि विचारात पडला.

"बाई, हरला तर मान एकानंच वाढती? दोन करा की."

मी एकच ठेवला. पुढं त्या छापखान्यात मी वीस वर्षं काढली आणि पुष्कळ साहेबलोकांचे नियम तपासले. कुणीही नियमांचा कागद टेबलावर ठेवला की मी शुद्धलेखनाच्या आधी त्याचे कान बघते.