उडण्याआधीचं वाचन

विमान धावपट्टीकडे निघालं होतं आणि मधल्या सीटवर अडकलेला मी मोबाइलवर वाचत होतो काय, तर विमान अपघाताचा चौकशी अहवाल! माझी खोडच अशी. दाढ काढायला जातानाही मी दाढा काढण्याचेच व्हिडिओ बघतो.

शेजारच्या आजी पहिल्यांदाच विमानात बसल्या होत्या, लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या. त्या एकदम वाकल्या. “काय हो, फोटोतलं विमान मोडलंय का?”

उठून पळायची सोय नव्हती. “टायर फुटला होता,” मी म्हणालो. “सगळे सुखरूप उतरले.”

“मग एवढं काय लिहिलंय त्यात?”

वारा किती होता, वैमानिकाची झोप झाली होती का, टायर कधी तपासला होता. आमच्याकडे दूध उतू गेलं, तरी चौकशी माझ्या नावापासून सुरू होते. इथे मात्र माणसं दोषी न शोधता महिनोन्‌महिने एका टायरपाशी बसली होती. का, तर पुन्हा कुणाचा टायर फुटू नये.

तेवढं आजींना सांगितलं. विमानानं वेग घेतला, तसं त्यांनी माझं मनगट गच्च धरलं.

“थांबलात का? मोठ्यानं वाचा.”

मी वाचू लागलो. आवाज माझाच कापत होता.